तरंगणारे काँक्रीट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या खेपेला युद्धकाळात बांधलेल्या काँक्रीटच्या जहाजांविषयी इतकी पत्रे आली की संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काहींची उत्तरे थोडक्यात संपतात, काहींना मात्र जागा द्यावीच लागली.

प्रश्न : काँक्रीटचा तुकडा पाण्यात टाकला तर तो सरळ तळ गाठतो. मग काँक्रीटचे जहाज तरंगते कसे? आणि ही कल्पना मुळात कोणाला सुचली?

उत्तर : तळ तर लोखंडी खिळाही गाठतो, तरी लोखंडी जहाजे समुद्र ओलांडतात. काँक्रीट पाण्याच्या साधारण अडीचपट जड असते आणि पोलाद जवळजवळ आठपट. तेव्हा पदार्थाच्या जडपणाचाच विचार केला तर काँक्रीटची बाजू उजवी ठरावी. परंतु वस्तू तरंगेल की बुडेल हे तिने किती पाणी बाजूला सारले यावर अवलंबून असते, आणि आतून पोकळ असलेले जहाज स्वतःच्या वजनाइतके पाणी सहज बाजूला सारते.

खरी मेख जाडीत आहे. मालवाहू जहाजाच्या बाहेरच्या अंगाला पोलादाचा अर्धा-पाऊण इंची पत्रा पुरतो. काँक्रीटची भिंत चार-पाच इंचांहून पातळ करता येत नाही, कारण तिच्यात सळयांची जाळी बसवावी लागते आणि ती जाळी काँक्रीटने नीट झाकली जावी लागते. ढोबळ हिशेब केला तर हलके काँक्रीट वापरूनही तेवढ्याच क्षेत्रफळाची भिंत पोलादी पत्र्याच्या दीडपट ते दुप्पट वजनाची होते. जहाज तरंगते, पण तरंगण्याची ताकद बरीचशी स्वतःचा भार पेलण्यातच खर्च होते, आणि मालासाठी त्या मानाने कमी उरते. पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे मूळ या एका गोष्टीत आहे, म्हणून वाचकांनी ती लक्षात ठेवावी.

कल्पना मात्र युद्धातून आलेली नाही. फ्रान्समध्ये जोसेफ-लुई लांबो यांनी १८४८ च्या सुमारास लोखंडी तारांच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा थापून एक लहान होडी तयार केली आणि १८५५ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ती मांडली. इमारतींमध्ये सळयांचे काँक्रीट रूढ होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत कार्लो गाबेलिनी यांनी काँक्रीटचे बार्ज, म्हणजे सपाट तळाचे मालवाहू तराफे, बांधले. स्वतःच्या इंजिनावर खुल्या समुद्रात जाणारे पहिले काँक्रीटचे जहाज नॉर्वेत निकोलाय फाउग्नर यांनी बांधले. ‘नामसेनफ्योर्ड’ नावाचे हे सुमारे ८४ फुटी जहाज ऑगस्ट १९१७ मध्ये पाण्यात उतरले.

प्रश्न : पोलादी जहाजे बांधण्याचे तंत्र हाताशी असताना काँक्रीटकडे वळण्याची वेळ का आली? आणि युद्धात त्यांचा उपयोग झाला, की सगळा खर्च वाया गेला?

उत्तर : पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या दोस्त राष्ट्रांची मालवाहू जहाजे झपाट्याने बुडवत होत्या, आणि त्यांची जागा घेणारी नवी जहाजे लागतील तेवढे पोलाद मिळत नव्हते, कारण तेच पोलाद तोफा, दारूगोळा, रेल्वे आणि युद्धनौका यांनाही हवे होते. काँक्रीटच्या जहाजाला पोलाद लागतच नाही असे नव्हे. सळया लागतातच, परंतु पोलादी जहाजाच्या मानाने पुष्कळ कमी. शिवाय सळया साध्या कारखान्यातही तयार होत, तर जहाजाचे जाड पत्रे मोजक्याच कारखान्यांत. याहून महत्त्वाचा मुद्दा माणसांचा होता. पत्रे सांधणारे रिव्हेट ठोकणारे कसबी कामगार गोद्यांमध्ये आधीच अडकलेले होते. काँक्रीटसाठी सुतार, सळया वाकवणारे आणि गवंडी चालत. ते इमारतींच्या कामावरून आणता येत होते.

अमेरिकेत सरकारी योजना आकाराला येण्यापूर्वीच डब्ल्यू. लेस्ली कॉमिन या व्यावसायिकाने पुढाकार घेतला आणि कॅलिफोर्नियातील रेडवूड सिटी येथे ‘फेथ’ हे मोठे मालवाहू जहाज बांधवून घेतले. १४ मार्च १९१८ रोजी ते पाण्यात उतरले. खर्च साडेसात लाख डॉलर. त्याच्या यशामुळे संशय बराच निवळला, आणि पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी काँक्रीटची २४ जहाजे बांधण्यास मंजुरी दिली. त्यांपैकी १२ बांधली गेली, आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले तेव्हा एकही पूर्ण झालेले नव्हते.

तेव्हा ज्या कामासाठी ही जहाजे होती ते काम त्यांच्या वाट्याला आलेच नाही. जॉर्जिया राज्यातील ब्रन्सविक येथे बांधलेले ‘अटलांटस’ ५ डिसेंबर १९१८ रोजी पाण्यात उतरले. त्याने युरोपातून परतणारे अमेरिकी सैनिक आणले, काही काळ कोळसा वाहिला आणि १९२० मध्ये ते कामावरून काढले गेले. शांततेच्या काळात पोलाद पुन्हा मिळू लागले, आणि जास्त इंधन खाऊन कमी माल नेणारे जहाज कोणाला परवडेना.

अपघातांनी उरलेला विश्वासही गेला. फेब्रुवारी १९२० मध्ये ‘पोलियास’ अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढले. जहाज तिथेच घट्ट रुतून राहिले. परंतु काही खलाशांनी आदेश न जुमानता वादळात बचावनौका सोडली आणि अकरा जण प्राणाला मुकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऱ्होड आयलंडच्या नॅरागॅन्सेट उपसागरात ‘केप फिअर’ची दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली, आणि ते काही मिनिटांत तळाला जाऊन १९ जण मृत्युमुखी पडले. पोलादी पत्रा धक्क्याने दबतो, वाकतो, फाटतो. काँक्रीट वाकत नाही, ते फुटते. ‘पोलियास’वर जहाज टिकले आणि माणसे गेली, ‘केप फिअर’वर दोन्ही गेले. दोन्ही घटनांना एकाच तागडीत तोलून काँक्रीटला दोषी ठरवणे मला योग्य वाटत नाही. टकरीतला ठिसूळपणा मात्र खराच होता.

ब्रिटनची वाट थोडी निराळी होती. स्पेनहून लोहखनिज आणण्यासाठी तिथे काँक्रीटचे बार्ज आणि ते ओढणारे टग बांधायला घेतले गेले. त्यांतील अनेकांची नावे ‘क्रीट’ या अक्षरांनी सुरू होतात. ‘क्रीटहॉसर’ हा टग आजही संडरलंडजवळ वेअर नदीच्या पात्रात, जिथे बांधला गेला तिथून जवळच पडून आहे. ‘क्रीटबूम’ आयर्लंडमध्ये मॉय नदीत बॅलिना येथे, आणि ‘क्रीटगॅफ’ कार्लिंगफर्डच्या मरिनाजवळ लाटा अडवत उभा आहे.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. खाऱ्या हवेने इमारतींच्या सळया गंजतात आणि काँक्रीट सोलून निघते असे आम्ही शिकतो. मग शंभर वर्षांपूर्वीची जहाजे समुद्रातच उभी राहून टिकली कशी?

उत्तर : सगळी टिकली नाहीत, हे आधी मान्य करू. ‘अटलांटस’चे अवशेष पाहिले तर आपण शिकता तेच दिसते : गंजलेली सळी फुगते, वरचा थर ढकलून पाडते आणि मग तपकिरी जाळी उघडी पडते. परंतु टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथील ‘सेल्मा’ची कहाणी स्थापत्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘सेल्मा’ हे सुमारे ४२० फूट लांबीचे तेलवाहू जहाज २८ जून १९१९ रोजी, म्हणजे व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या त्याच दिवशी, अलाबामातील मोबील येथे पाण्यात उतरले. मे १९२० मध्ये मेक्सिकोच्या टॅम्पिको बंदरात ते तिथल्या दगडी बांधावर आदळले आणि त्याच्या अंगाला सुमारे साठ फूट लांबीचे भगदाड पडले. दुरुस्तीसाठी ते गॅल्व्हस्टनला आणले. पण काँक्रीटचे जहाज कसे सांधायचे याचा अनुभव तिथल्या गोदीत कोणालाच नव्हता. गिऱ्हाईकही मिळेना. अखेर पेलिकन बेटाजवळ खास दीड हजार फूट लांबीचा चर खणून १९२२ मध्ये जहाज त्यात नेऊन बसवले. त्याचा वरचा भाग आजही पाण्याबाहेर दिसतो.

या जहाजातून नंतरच्या दशकांत नमुने कापून तपासले गेले. बांधतेवेळी जे बळ मोजले होते त्याहून काँक्रीटचे बळ वाढलेले आढळले, आणि ज्या सळयांवर एक इंचाहूनही कमी आवरण होते त्याही पुष्कळ ठिकाणी शाबूत होत्या. आज समुद्राकाठच्या बांधकामासाठी याच्या दुपटीहून अधिक आवरण मागितले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे यातले आश्चर्य कळते.

याचे श्रेय बऱ्याच अंशी खडीला आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीचे वीटभट्टीवाले स्टीफन हेड यांच्या भट्टीत काही विटा फुगून वाया जात असत. त्या हलक्या होत्या, पण कणखर होत्या. चिकणमातीचा शेल खडक फिरत्या भट्टीत तापवला की आत अडकलेले वायू त्याला पावासारखे फुगवतात आणि बाहेरून काचेसारखे कवच धरते, हे त्यांनी ओळखले. १९१८ मध्ये त्यांना पेटंट मिळाले, आणि जहाजांसाठी ही खडी वापरताना त्यांनी सरकारकडून स्वामित्वशुल्क घेतले नाही. या खडीमुळे एका घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २,४०० किलोवरून १,९०० किलोच्या आसपास आले.

वजन घटवण्यासाठी आणलेली ही खडी टिकाऊपणाच्याही कामी आली. तिच्या सूक्ष्म छिद्रांत शोषलेले पाणी काँक्रीट घट्ट होत असताना आतून हळूहळू सुटत राहते, म्हणजे वरून पाणी मारणे थांबले तरी आतली ओल सिमेंटला पुरते. दुसरे असे की टणक दगडाच्या खडीभोवती सिमेंट आकसताना बारीक तडे पडतात. या खडीचा कडकपणा सिमेंटच्या लगद्याच्या जवळपास असल्यामुळे तसे तडे कमी पडतात, आणि खारे पाणी आत शिरायला वाट उरत नाही. सळी गंजू नये म्हणून तिच्याभोवती काँक्रीटचा क्षारधर्मी वेढा अखंड राहावा लागतो. समुद्राच्या मिठातले क्लोराइड तिथपर्यंत पोहोचले नाही तर तो राहतो. शिवाय सततच्या पाण्याखालच्या भागात प्राणवायू फार थोडा मिळतो. म्हणून अशा जहाजांची सर्वाधिक झीज भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आणि लाटांचे तुषार उडतात तिथे दिसते, तळाशी नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सूत्रात बसत नाही. चार-पाच इंचांच्या भिंतीत दाट सळ्यांमधून काँक्रीट पोकळी न राहता उतरवायचे, तर साच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला एकही कोपरा सोडून चालत नाही. ‘सेल्मा’च्या भिंतीत त्या अनाम कामगारांची मेहनत आहे असे मी मानतो.

प्रश्न : पहिल्या युद्धात हा अनुभव आल्यावर दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तोच मार्ग का धरला?

उत्तर : पोलादाची टंचाई पुन्हा आली म्हणून. १९४२ मध्ये अमेरिकेच्या मेरिटाइम कमिशनने फिलाडेल्फियाच्या मॅक्लॉस्की कंपनीला २४ जहाजांचे काम दिले, आणि फ्लोरिडातील टॅम्पा येथे ती बांधली गेली. लांबी सुमारे ३६६ फूट. त्यांची नावे पाहावीत : रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हियस, एडिस्टनचा दीपस्तंभ बांधणारे जॉन स्मीटन, सिमेंटचे फ्रेंच संशोधक लुई व्हिका, रसायनशास्त्रज्ञ आंरी ल शातेलिए, सळयांच्या काँक्रीटचे अध्वर्यू फ्रांस्वा एनबिक. काँक्रीटचा सगळा इतिहासच समुद्रात सोडला होता म्हणायचा.

या खेपेला काम बदलले. या जहाजांनी माल वाहिला, पण अनेकांनी प्रशांत महासागरात तरंगती कोठारे म्हणून सेवा दिली. ‘व्हिट्रुव्हियस’ आणि ‘डेव्हिड ओ. सेलर’ ही दोन जहाजे जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्याजवळ मुद्दाम बुडवून लाटा अडवण्यासाठी वापरली गेली. इंजिन नसलेले काँक्रीटचे बार्ज तर फारच कामाचे ठरले. त्यांतील एका शीतगृह-बार्जवर अमेरिकी नौदलाने आइस्क्रीमचा कारखाना बसवला होता. दर सात मिनिटांना दहा गॅलन आइस्क्रीम तयार करून ते दूरवरच्या बेटांजवळच्या नौसैनिकांना पुरवले जाई. घरापासून हजारो मैलांवर, उकाड्यात महिनोन्महिने राहणाऱ्या तरुण मुलांसाठी याचे मोल किती असेल याची कल्पना करता येते.

जपान आणि जर्मनी यांनीही हाच मार्ग धरला. जपानच्या ‘ताकेची मारू’ मालिकेतील दोन जहाजे युद्धानंतर हिरोशिमा प्रांतातील यासुउरा येथे मासेमारी बंदराला लाटांपासून आडोसा देण्यासाठी एकापुढे एक बसवली गेली. एका जर्मन काँक्रीट तेलवाहू जहाजाचा सांगाडा पोलंडमध्ये श्चेचिनजवळच्या सरोवरात रुतलेला आहे.

प्रश्न : आज अशी जहाजे का बांधत नाहीत?

उत्तर : पोलाद मुबलक आहे आणि वेल्डिंगमुळे पोलादी जहाज जलद बांधता येते, एवढेच कारण पुरेसे आहे. परंतु एका जागी नांगरून ठेवायच्या रचनांसाठी काँक्रीट आजही वापरतात. १९७६ मध्ये जावा समुद्रात वायू साठवण्यासाठी नेलेला ‘अर्जुन शक्ती’ हा पूर्वताणित (आतल्या पोलादी तारा ताणून आवळलेल्या) काँक्रीटचा बार्ज आणि १९९५ मधील नॉर्वेचा ‘हाइड्रुन’ हा समुद्रातून तेल काढणारा तरंगता फलाट ही त्याची उदाहरणे आहेत.

प्रश्न : युद्ध संपल्यावर या जहाजांचे झाले काय? काहींवर हॉटेल आणि नाचघर होते असे ऐकले. ते खरे का?

उत्तर : खरे आहे. पोलादी जहाज निकामी झाले की भंगारवाला त्याचे पैसे देतो. काँक्रीटचे जहाज तोडायला खर्च येतो आणि हाती लागतात त्या थोड्याशा सळया. त्यामुळे ही जहाजे मिळेल त्या किमतीला विकली गेली, आणि घेणाऱ्यांनी त्यांचे जमेल ते केले.

‘पालो आल्टो’ या तेलवाहू जहाजाने तेलाचा थेंबही वाहिला नाही. १९१९ मध्ये पाण्यात उतरून ते दहा वर्षे बंदरात बांधलेलेच राहिले. मग एका करमणूक कंपनीने ते घेतले, १९३० च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील सीक्लिफच्या किनाऱ्यावर ओढत आणले, पाणी आत घेऊन तळावर टेकवले आणि किनाऱ्यापासून त्याच्यापर्यंत लाकडी पूल बांधला. डेकवर नाचघर, उपाहारगृह, पोहण्याचा तलाव झाला. दोन हंगामांत कंपनीचे दिवाळे वाजले, १९३२ च्या हिवाळ्यात जहाजाला मध्यावर तडा गेला, आणि १९३६ मध्ये राज्य सरकारने ते एका डॉलरला विकत घेतले. त्यानंतर कित्येक दशके लोक त्यावर उभे राहून गळ टाकत. मधली भगदाडे मोठी झाली तसा माणसांना मज्जाव झाला आणि पाणकावळे व पेलिकन यांनी ते आपलेसे केले. २०१७ च्या वादळाने मागचा भाग तोडला. २०२३ च्या वादळांनी पूल इतका मोडला की तो काढूनच टाकावा लागला.

क्यूबाजवळच्या ‘सान पास्क्वाल’ने तर अनेक जन्म घेतले. काकवी साठवण्याची टाकी, दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांवर नजर ठेवण्याची चौकी, क्रांतीच्या काळात कैद्यांना ठेवण्याची जागा, आणि पुढे दहा खोल्यांचे हॉटेल. ‘सापोना’ बहामातील बिमिनीजवळ अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूचे कोठार झाले. १९२६ च्या चक्रीवादळाने ते उथळ पाण्यात रुतवले, आणि आज त्याच्या सांगाड्यात पाणबुडे मासे पाहायला उतरतात. ‘अटलांटस’ न्यू जर्सीतील केप मे येथे फेरीचा धक्का करण्यासाठी आणले होते. जून १९२६ मध्ये वादळात दोर तुटून ते किनाऱ्यापासून दीडशे फुटांवर रुतले, आणि धक्का झालाच नाही.

परंतु मला अधिक मोलाचे वाटतात ते साधे, निरलंकार उपयोग. व्हर्जिनियात किप्टोपीक येथे दुसऱ्या महायुद्धातील नऊ जहाजे १९४८ च्या अखेरीस रांगेने बुडवून चेसापीक उपसागरातील फेरीच्या धक्क्याला आडोसा केला. फेरी केव्हाच बंद झाली. जहाजे लाटा अडवतच आहेत. ऑरेगनमधील न्यूपोर्ट येथे दोन जहाजांचा धक्का झाला. कॅनडात पॉवेल रिव्हर येथील कागद गिरणीने लाकडाचे ओंडके साठवण्याच्या पाण्याभोवती अशी जहाजे साखळदंडांनी बांधून तरंगता बांध उभा केला, आणि त्यात १९२१ चे ‘पेराल्टा’ अनेक दशके तरंगत राहिले. त्याआधी ते अलास्कात सार्डिन मासे डबाबंद करण्याचा कारखाना होते. इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीकाठी पर्टन येथे कालव्याचा बांध खचू नये म्हणून जुन्या लाकडी बोटींबरोबर काँक्रीटचे बार्जही काठावर चढवले गेले. समुद्रात ज्या जडपणाने इंधन खाल्ले, तोच जडपणा या सगळ्या ठिकाणी हवा होता.

यातला सर्वांत मोठा प्रसंग जहाजांचा नव्हे, त्यांच्या भावंडांचा आहे. नॉर्मंडीतील आरोमांश येथे उभारलेल्या ‘मलबेरी’ या कृत्रिम बंदरासाठी ब्रिटनमध्ये ‘फिनिक्स’ नावाचे काँक्रीटचे पोकळ ठोकळे, म्हणजे केसॉन, बांधले होते. मोठ्यांचे वजन सहा हजार टन. टगने ओढत न्यायचे आणि जागेवर पाणी भरून बसवायचे. युद्धानंतर काही शिल्लक राहिले. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे उत्तर समुद्राचे पाणी नेदरलँड्समध्ये शिरले आणि तिथे १,८३६ माणसे गेली. बांधांना पडलेली खिंडारे भरती-ओहोटीच्या प्रवाहाने रोज रुंदावत होती, दगड-माती टाकली की वाहून जात होती. आउवरकेर्क गावाजवळचे शेवटचे मोठे खिंडार राहिले, तेव्हा असे चार फिनिक्स केसॉन ब्रिटनमधून ओढत आणले गेले. पाणी थबकते तेवढ्याच थोड्या वेळात प्रत्येक ठोकळा नेमक्या जागी नेऊन बुडवायचा होता. ६ नोव्हेंबर १९५३ च्या रात्री शेवटचा केसॉन तळाला टेकला आणि समुद्र बाहेर राहिला.

चारही केसॉन अजून तिथेच आहेत. २००१ पासून त्यांच्यात त्या महापुराचे संग्रहालय आहे. पाहणारा माणूस जाड काँक्रीटच्या भिंतींमधून एका केसॉनमधून दुसऱ्यात चालत जातो.